मनगटातला नेफा

“ओढू नोका जी, सरकू द्या.”

आमच्या मॅडम हे कोणालाही म्हणायच्या. हात दुखतो म्हणून आलेल्या बाईला म्हणायच्या, दवाखान्याच्या फुगलेल्या दाराला हिसके देणाऱ्या माणसाला म्हणायच्या, आणि रांगेत एकमेकींच्या पुढे घुसणाऱ्या आम्हा बायांनाही म्हणायच्या. म्हणताना उजवा हात पुढे करून हवेतच अलगद मागेपुढे हलवायच्या. तो हात पाहून भांडणारा आपोआप मागे सरकत असे. मी स्वतः भांडखोर आहे, वरठीत कोणालाही विचारा, म्हणून अनुभवाने सांगते.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. छापलेलं नाव पाहून त्या लाजतील आणि वरून मलाच बोलतील. भंडाऱ्यातल्या एका दवाखान्यात, जिन्याखालच्या खोलीत त्या फिजिओथेरपी करायच्या. वय तिशीच्या आसपास, ठेंगण्या, कुर्त्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, आणि तोंडाला विश्रांती नाही. कागद पाहणारे आणि माणूस न पाहणारे डॉक्टर तुम्हीही पाहिले असतील. मॅडमचं तिसरंच. त्या माणसाचा चेहरासुद्धा नंतर पाहायच्या, आधी हात. बाजारात भेटल्या तरी तुम्ही जयभीम म्हणेपर्यंत तुमचा तळवा उताणा करून अंगठ्याखालची गादी दाबून पाहिलेली असायची.

एकदा भाजीवालीचा हात असा धरला, तर तिला वाटलं ही बाई भविष्य सांगते. ती म्हणाली, “पोरीचं लगन कवा होईन थे पाहा.”

“लगनाचं मले नाई समजत,” मॅडम म्हणाल्या. “रात्री हात झोपते का, थे सांग.”

झोपत होता. दुसऱ्या दिवशी भाजीवाली जिन्याखाली हजर.

माझं वरठीला शिवणकामाचं दुकान आहे. नवरा स्टील प्लांटात, सायकलने जातो-येतो. बाबासाहेबांच्या जयंतीला आणि दसऱ्याला धम्मचक्र दिनाच्या वेळी आमच्याकडच्या बाया पांढरी साडी नेसतात, आणि त्या साडीवरचा पोलका माझ्याकडूनच शिवून घेतात. पांढऱ्यावर शिवणं सोपं नाही. सगळं दिसतं. माझी तुरपाई उलट बाजूनेही दिसत नाही असं बाया म्हणतात, आणि त्या म्हणतात ते खरं आहे.

तर असा हात. आणि तो रात्री झोपायला लागला. मी जागी आणि माझा अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं मात्र मेल्यासारखी. उठून बसायचं, हात झटकायचा, मुंग्या यायच्या, मग कुठे बोटं आपली वाटायची. नवरा कूस बदलून म्हणायचा, “कोनाले बलावून राहिली वो?”

मी म्हणायची, “तुमच्या मायले.”

दिवसाही हळूहळू कपबशी हातून सुटू लागली. मी कपबशीला शिव्या दिल्या. मग जयंतीच्या धांदलीत एका पोलक्याची तुरपाई करत होते, गळ्याची पट्टी संपवून पोलका उलटा केला, तर पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची रांग. मी आधी आजूबाजूला पाहिलं, कोणाचं रक्त म्हणून. मग बोट पाहिलं. सुई पुन्हा पुन्हा टोचली होती आणि मला पत्ताच नव्हता. बाप्पा! तेव्हा मी घाबरले. कपबशी सुटली तर नवी आणता येते, पण सुई कुठे आहे हे ज्या शिंपिणीला कळत नाही तिने काय करायचं? दुकानाचं दार लावून मी तिथेच खाली बसून रडले.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की मनगटातली नस दबते आहे. ऑपरेशन करावं लागेल कदाचित, पण आधी जिन्याखाली जाऊन या. मी गेले, तोंड वाकडं करूनच गेले. मला मालिश नको होती, मला हात हवा होता.

मॅडमनी मला उलटा नमस्कार करायला लावला. म्हणजे दोन्ही हातांचे पाठीकडचे भाग एकमेकांना लावायचे, बोटं खाली, कोपरं बाहेर, आणि तसंच थांबायचं. थोड्याच वेळात मुंग्या सुरू झाल्या. मग त्यांनी बोटाने मनगटावर टिचक्या मारल्या आणि मधल्या बोटापर्यंत करंट गेला. मी हात ओढून घेतला.

“का करता मावशी तुमी?” त्यांनी विचारलं.

“टेलर आहो.”

“मंग तुमाले सांगनं सोपं आहे.” त्यांनी माझं मनगट दोन बोटांत धरलं. “इथं एक नेफा आहे. परकराले असते ना, तसा. एका परकरात एक नाडा असते. या नेफ्यात बोटायचे नऊ नाडे आहेत, आन् त्याईच्यासंग एक नस. तुमी दिवसभर कैची चालवता, नाडे सुजतात. नेफा तं काई मोठा होत नाई. मंग कोन दबते?”

“नस,” मी म्हणाले.

“आता सांगा, नाडा नेफ्यात अडकला तं तुमी ओढता का?”

“ओढलं तं तुटते. हळूहळू सरकवा लागते.”

“बस,” त्या म्हणाल्या. “येवढंच करायचं आहे आपल्याले.”

आजवर मला कोणी माझ्या रोगाबद्दल माझ्या भाषेत सांगितलं नव्हतं. पुढे पाहिलं, त्या प्रत्येकाला वेगळं सांगायच्या. प्लांटातल्या माणसाला पाइपात कोंबलेल्या केबली, शेतकऱ्याला धुऱ्याच्या बांधाखालची गाळाने भरलेली मोरी. एका पोस्टमनला काय सांगावं ते त्यांना सुचेना, तर त्याला चहा पाजून त्याचं काम तासभर विचारत बसल्या. बाकीचे आम्ही बाहेर ताटकळत. मी आतून-बाहेरून चिडले होते, हेही सांगते.

उपचार म्हणाल तर त्यात चमत्कार काही नव्हता. वितळलेल्या मेणाच्या भांड्यात हात बुडवायचा, काढायचा, पुन्हा बुडवायचा, की हातावर मेणाचा मोजा तयार व्हायचा. ती ऊब हाडांपर्यंत जायची. मला तेवढ्यासाठीसुद्धा रोज यावंसं वाटे. मग मनगटावर थंडगार जेल लावून एक मशीन गोल गोल फिरवायच्या. मग माझा तळवा स्वतःच्या दोन्ही अंगठ्यांनी मधून बाहेरच्या बाजूला फाकवायच्या, भाकरीचा गोळा थापायला घेताना दाबतो तसा. आणि शेवटी व्यायाम. बोटं सरळ, मग आकडा, मग छप्पर, मग मूठ. तेही घाईने नाही. त्यानंतर हात बाजूला पसरून, मनगट मागे नेऊन, नस हळूच पुढे आणि हळूच मागे. मी जोर लावला की लगेच हवेत तो हात हलायचा, आणि ते वाक्य.

एक दिवस काही न सांगता स्कुटी घेऊन वरठीला माझ्या दुकानात आल्या. स्टुलावर बसल्या आणि मी कापड बेतते ते नुसतं पाहत राहिल्या. बोलणारी बाई गप्प बसली की मला धडकी भरते. कापड कापून झाल्यावर म्हणाल्या, “ही कैची कोनाची?”

“सासऱ्याची. लोखंडी आहे. पिढीजात.”

“सासऱ्याचा हात केवढा होता?”

मी काय सांगणार? सासरे दांडगे होते. मॅडमनी कैची हातात तोलून पाहिली आणि बाजूला ठेवली. मग माझ्या नवऱ्याला हाक मारून मागच्या अंगणातल्या विटा आणायला लावल्या आणि बेतायच्या टेबलाच्या चारही पायांखाली घातल्या. टेबल उंच झालं, माझं मनगट सरळ झालं. मग सांगितलं, माझ्या हाताच्या मापाची हलकी कैची घ्यायची, धार लावलेली. कापडाचे थर एकावर एक रचून एकदम कापायचे नाहीत. मशीनला मोटर बसवायची. आणि मध्येमध्ये हात खाली ठेवायचा. “हात ठेवला म्हनून कोनी आळशी म्हनत नाई मावशी. आन् म्हनलं तं मले सांगा.”

नवरा त्या दिवसापासून त्यांचा भक्त झाला. पिढीजात कैचीबद्दल बोलायची हिंमत आमच्या घरात कोणाची झाली नव्हती.

आता पट्ट्याची गोष्ट. त्यांनी मला रात्री झोपताना मनगटाला बांधायचा एक पट्टा दिला. झोपेत मनगट दुमडतं आणि नस आणखी दबते, म्हणून त्याला सरळ धरून ठेवायचं. निळा, जाडाभरडा, फुगलेला, आत एक धातूची पट्टी. मी घरी आणून हातात घातला आणि मला तो पाहवेना. तुम्हीच सांगा, जी बाई दुसऱ्यांच्या बगलेतली एक चुणी सहन करत नाही तिने असला गबाळा प्रकार अंगावर घ्यायचा? इकडे ढिला, तिकडे फुगीर, शिवण तर जनावराच्या झुलीसारखी. मी तो उसवला. दोन टक घेतले, बाजूने दाबला, आतली धातूची पट्टी टोचत होती ती काढून टाकली, आणि कडेला पायपिंग केलं. हातावर असा बसला, असा बसला, की शेजारणीने विचारलं कुठून घेतला.

महिनाभर मी तो रोज रात्री घातला आणि हात होता त्याहून वाईट झाला. मॅडमना उमजेना. व्यायाम बरोबर, मेण बरोबर, टेबल बरोबर. शेवटी म्हणाल्या, “उद्या पट्टा घेऊन या.”

मी मोठ्या अभिमानाने काढून दाखवला. त्यांनी तो उलटसुलट केला, पायपिंगवरून बोट फिरवलं, आत पट्टी चाचपली, आणि मग अशा हसल्या की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. डोळ्यातून पाणी. “मावशी, मनगटाले पोलका शिवला वो तुमी!” बाहेरच्या बाया डोकावून पाहू लागल्या. मलाही हसू आलं, काय करता.

मग त्यांनी माझा अंगठा हातात घेतला, त्याखालची गादी दाबली, आणि त्यांचं हसणं एकदम थांबलं. तशा मी त्यांना कधी पाहिल्या नव्हत्या. आवाज चढला. “ही गादी पाहा. हा हात पाहा, आन् हा दुसरा पाहा. इथं बसाले सुरुवात झाली. हे पूर्न बसली ना मावशी, तं मले परत उचलता येत नाई. कोनालेच येत नाई! तुमाले काहून समजत नाई?” मी भांडखोर बाई, पण दोन्ही हात त्यांच्यापुढे तसेच धरून बसले.

थोड्या वेळाने त्या निवळल्या. “धानाचा रोवणा संपेपर्यंत पाहू,” म्हणाल्या. “नाई फरक पडला तं मी सोता तुमाले ऑपरेशनले नेईन. ऑपरेशन वाईट नसते. उशीर वाईट असते.”

नवा पट्टा दिला. तो मी जसा होता तसा घातला, दात-ओठ खाऊन घातला. आणि मॅडमनी आणखी एक केलं. माझी खोड जाणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणाल्या, “बाजारातले पट्टे आपल्या बायाईले मोठे होतात. गरम होते म्हनून रात्री काढून फेकतात. तुमी सुती कपड्याचे शिवा. पट्टी आत राहिली पायजे, मनगट सरळ राहिलं पायजे, आन् दोन बोटं आत गेले पायजे. बाकी तुमाले जे नखरे करायचे थे करा.”

रोवणा सुरू झाला की जिन्याखाली गर्दी वाढायची. दिवसभर वाकून धानाचं रोप अंगठा आणि दोन बोटांत धरायचं आणि चिखलात खुपसायचं, पुन्हा धरायचं, पुन्हा खुपसायचं. नेमका तोच अंगठा आणि तीच बोटं. त्या बायांसाठी मी पट्टे शिवले, फुलाफुलांच्या कपड्याचे. एक बाई तर पट्टा घालूनच धानाच्या बांधीत उतरली आणि चिखलाने माखलेला घेऊन आली. मॅडमनी डोक्याला हात लावला. “अवो, झोपताना घालायचा! चिखलात हाताले मोकळं खेळू द्या.”

रोवणा संपत आला आणि मी रोज स्वतःची परीक्षा घेत होते. रात्री हात झोपणं कमी झालं. मग एक आठवडा असा गेला की मी एकदाही उठले नाही, नवऱ्यालाच चुकल्यासारखं झालं. पण बोटांच्या टोकांवर अजून जाड कापड गुंडाळल्यासारखं वाटे. दसऱ्याचे पांढरे पोलके येऊ लागले होते. मी काज-बटनाचं काम दुसरीकडे देत होते आणि कोणाला सांगत नव्हते.

मग एका दुपारी पोलक्याची बाही तुरपताना मी ओरडले. नवरा जेवत होता, ताट सोडून धावत आला. “का झालं?”

“टोचली!”

“कोन टोचली?”

“सुई टोचली! मले दुखलं!”

त्याला वाटलं माझं डोकं फिरलं. मी मुद्दाम पुन्हा टोचून पाहिली. दुखलं. अंगठ्याला टोचली, तिथेही दुखलं. इतकं छान दुखलं की काय सांगू. मी तशीच, गळ्यात टेप घेऊन, मिळेल त्या ऑटोत बसून भंडाऱ्याला गेले. मॅडम कोणाच्या तरी खांद्यावर काम करत होत्या. मी दारातूनच बोट दाखवलं, त्यावर रक्ताचा एवढासा थेंब. त्यांनी खांदा सोडला, माझं बोट धरलं आणि उजेडाकडे नेऊन पाहिलं. खांदेवाला माणूस म्हणाला, “माह्या खांद्याचं का?” तर त्याच्यावर आम्ही दोघी एकदमच हसलो.

मला त्यांना काही द्यायचं होतं. ब्लाउज शिवते म्हटलं तर म्हणायच्या, मी कुर्ता घालते. कुर्ता शिवते म्हटलं तर म्हणायच्या, आहेत पुष्कळ. एकीने कोहळा आणला तो दवाखान्याच्या मावशींना दिला, एकीने वाळलेले झिंगे आणले ते मात्र ठेवून घेतले. “हे माह्या आईले आवडतात,” म्हणाल्या. घरी आई आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

दिवाळीआधी कळलं की मॅडम चालल्या. इथली नोकरी कंत्राटी होती, ती संपली, आणि पुण्याकडे एका मोठ्या दवाखान्यात त्यांना जागा मिळाली होती. बाया हळहळल्या. मी हळहळले नाही, मी चिडले. तोंडावर म्हणाले, “आमचे हात दुरुस्त करून पयून चालल्या का?”

त्या हसल्या नाहीत. इकडेतिकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, “मावशी, एक काम होतं. तुमाले जमलं तं.” मॅडमना अडखळताना मी पहिल्यांदाच पाहत होते. “माह्या आईले पोलके शिवून द्या. हूक नोको. बटन बी नोको.”

“मंग का गोंद लावू?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“घरी या,” त्या म्हणाल्या. “माप घ्याले.”

भंडाऱ्यात त्यांची एक खोली होती. आई खाटेवर बसल्या होत्या, पदर दोन्ही खांद्यांवरून गच्च ओढलेला. काटक, काळ्यासावळ्या, लेकीसारख्याच ठेंगण्या. मी टेप काढला आणि म्हणाले, “हात बाजूले करा आई.” त्यांनी केला. टेप माझ्या हातात तसाच राहिला. त्यांचा अंगठा बाकीच्या बोटांच्या रांगेत येऊन बसला होता. गादी असते त्या जागी खळगा. दुसरा हातही तसाच.

“आमी दिघोरीचे,” आई सांगू लागल्या. “आमच्या घरचे बोडीच्या तलावात मासे धरत. म्या दिवसा रोवणा करावा, सांजीले जाळ्याच्या गाठी माराव्या. हाताले मुंग्या येत. हात झटकावा, मंग जात. लय दिवस तसंच चाललं. मंग एक दिवस मुंग्या येनं बंद झालं. म्या म्हनलं, चला, बरं झालं.”

मॅडम खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. “मी बारावीत होती मावशी,” त्या म्हणाल्या. “मी बी म्हनलं, बरं झालं.”

नस पार गेली म्हणून मुंग्या थांबल्या होत्या. नंतर डॉक्टर झाले, नागपूर झालं, सगळ्यांनी सांगितलं की आता फार उशीर झाला. आईंना भाकर तोडता येते, भांडं दोन तळव्यांत धरता येतं, पण पोलक्याचा हूक लावता येत नाही. हुकाला अंगठा लागतो. लेक घरी असली की सकाळी लेक लावून द्यायची, ती शिकायला गेली तेव्हा जाऊबाई. आईंनी कोणाला सांगू दिलं नव्हतं. आता लेक पुण्याला आणि आई म्हणत, मी तिकडे कोणाला ओळखते, मी दिघोरीलाच जाते. म्हणजे पुन्हा रोज सकाळी जाऊबाई.

“इतके दिवस काहून नाई सांगतलं मले?” मी मॅडमवर खेकसले. खेकसले नसते तर रडले असते. माझ्या पट्ट्यावर हसता हसता त्या दिवशी त्या का भडकल्या होत्या, ते मला त्या खोलीत कळलं. माझी गादी दाबताना त्यांना कोणाचा हात दिसत होता तेही कळलं. मी माप घेतलं आणि घरी आले.

शिवायला बसले तेव्हा मी माझे दोन्ही अंगठे चिंधीने तळव्यांना बांधून टाकले आणि एकेक प्रकार करून पाहिला. हूक नाही. टिचबटन नाही, त्याला दाबायला अंगठा लागतोच. नाडी नाही. चेन वर ओढता येईना. शेवटी मुलांच्या बुटांना असते तशी चिपकपट्टी आणली, रुंदशी, आणि पुढच्या उभ्या पट्टीला आतून लावली. वर येणाऱ्या पट्टीच्या कडेला कपड्याचे तीन फासे केले, बोट अडकवून ओढता यावेत एवढे. बाहेरून पाहणाऱ्याला साधा पोलका दिसला पाहिजे, म्हणून वरून खोटी बटनं. अंगठे बांधलेले ठेवून मी तो स्वतः घालून काढून पाहिला. नवरा दारात उभा राहून बघत होता. या वेळी त्याने थट्टा केली नाही.

मॅडम गेल्यावर धानकापणीच्या दिवसांत मी पोलके घेऊन पहिल्या बसने दिघोरीला गेले. घर विचारत विचारत पोचले. दार लोटलेलं होतं. आई आत भिंतीला टेकून बसल्या होत्या, आंघोळ झालेली, केस ओले, आणि अंगाभोवती पदर गुंडाळलेला. जाऊबाई उजाडायच्या आधीच कापणीला गेल्या होत्या.

“येईन थे जेवनाच्या वक्ताले,” आई म्हणाल्या. “तवापर्यंत बसली आहो.”

मी लगेच पिशवीतून पोलका काढला, फासे दाखवले, बोट कसं अडकवायचं ते दाखवलं. त्यांनी पोलका दोन तळव्यांत धरला आणि मागच्या खोलीत गेल्या. मी मदतीला उठले, तर आतून म्हणाल्या, “नोका येऊ.”

मी मॅडमना फोन लावला. तिकडे त्या कामावर होत्या, तरी उचलला. “आई आत गेल्या आहेत,” मी सांगितलं. मॅडम बोलू लागल्या, उजवा हात आधी घालायला सांगा, घाई करू नको म्हणा, नाही जमलं तर राहू द्या, वाईट नका वाटून घेऊ म्हणा. आतून चर्र आवाज आला, पुन्हा चर्र, मग बराच वेळ काहीच नाही.

आई बाहेर आल्या. पोलका अंगात होता, एक बाजू जराशी वर गेली होती, पण पूर्ण लागलेला होता. त्यांनी पदर नीट खांद्यावर टाकला, कोपऱ्यातला विळा उचलून बगलेत धरला आणि चपला पायात सरकवल्या.

“मॅडम आहेत फोनवर,” मी म्हणाले. “बोला ना आई.”

“सांजीले बोलीन म्हना तिले,” आई म्हणाल्या. “आता कापनी आहे. कापलेलं धान तरी गोळा करीन मी बी.” आणि त्या निघाल्यासुद्धा.

“द्या ना मावशी आईले,” फोनमधून मॅडम म्हणत होत्या. “का म्हनते थे? लागला का पोलका?”

मी दारात आले. आई गल्लीच्या टोकाला पोचल्या होत्या, कोणीतरी हाक मारली तर हात वर करून उत्तर देत होत्या.

“मॅडम,” मी म्हणाले, “आई तं गेल्या जी बाहेर.”